चारशे बारा वेळा उठली

बिरवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, एक पेटी पाच आठवडे झोपत आणि उठत होती. तिला झोपवायचं काम माझं. ती उठते की नाही हे बघायचं कामही माझंच.

पेटी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांसाठी होती. डोंगर सरकतोय का ते मोजायचं आणि खाली कळवायचं. बॅटरी पुरावी म्हणून मधल्या वेळात झोपायचं आणि दर दोन तासांनी आतल्या घड्याळाच्या गजराने आपणहून उठायचं. हे सगळं तिच्या अगदी तळाशी चालणारा प्रोग्राम सांभाळतो, त्याला कर्नल म्हणतात. पुण्याच्या कंपनीने त्या कर्नलमध्ये बदल केले होते आणि मी ते घरून तपासत होते. पहिल्या सहा पेट्यांतली एक माझ्या माहेरच्या वाडीच्या डोक्यावर बसणार होती. मी ‘पास’ लिहिलं की पेट्या लागणार होत्या, आणि माझं संपत आलेलं काँट्रॅक्ट पुढे चालणार होतं.

ती उठणार नाही याची मला सतत धास्ती. म्हणून मी तपासणीत माझ्या पदरची एक ओळ घातली होती. ठरलेली वेळ झाली रे झाली की लॅपटॉप वायरीतून पेटीला विचारायचा, उठलीस का? उत्तर यायचं. चारशे बारा वेळा आलं. दर वेळी दोन सेकंद उशिरा. घड्याळ जरा मागे असेल, असं मी वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले.

मग एका बुधवारी बँकेच्या कामासाठी महाडला जावं लागलं. दहा महिन्यांची अनुष्का सासूबाईंजवळ ठेवली. साडेतीनला परत आले तर लॅपटॉपवर बाराला ‘उत्तर नाही’, दोनला ‘उत्तर नाही’. वायर गुंडाळून खिडकीत ठेवलेली.

“आई, ही कोणी काढली?”

“मी. पोर तोंडात घालत होती. घालू देऊ?”

“अहो, माझी चाचणी बिघडली ना.”

“बिघडली तर परत कर गो. पोर परत करता येत नाय.”

मी चिडून वायर लावली. लॅपटॉपवरून विचारलं. दोन सेकंदांत पेटीचा दिवा लागला. चला, फक्त वायरीचाच घोळ, असं वाटून मी पेटीच्या आतली नोंद उघडली. पेटी जागी झाली की तिथे आपली वेळ लिहिते, वायर असो वा नसो. बाराची ओळ नव्हती. दोनची नव्हती. एकदम साडेतीनची.

सासूबाई अनुष्काला मांडीवर थोपटत होत्या. माझं तोंड बघून म्हणाल्या, “काय झालं? उठली ना तुझी पेटी?”

“मी विचारल्यावर उठली.”

“मंग? तुझं सगळं तसंच हाय. पोर झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरतेस, श्वास चालतो का बघाया. ती उठते. मंग मलाच सांगतेस, आई, ही झोपतच नाही हो.”

मी हसले नाही. वायर काढली, गजर दहा मिनिटांवर लावला आणि समोर बसले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दिवा लागला नाही. पाच वेळा केलं. पाचही वेळा पेटी झोपून राहिली. आतला गजर कधी वाजलाच नव्हता. पाच आठवडे माझा प्रश्नच तिला उठवत होता आणि मी ते तिच्या नावावर ‘पास’ म्हणून लिहीत होते.

डोंगरावर तिला विचारायला कोण जाणार?

पुण्याच्या कंपनीतल्या किशोर सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सोमवारी पेट्या निघायच्या आहेत, वैशाली.”

“सर, एकही उठणार नाही.”

“सर्व्हरवरून आपण दर दोन तासांनी विचारू. तुझीच आयडिया आहे ना ती?”

“रेंज असेल तोवर. पावसात आमच्याकडे आधी टॉवर जातो, मग डोंगर. आणि प्रश्न ऐकायला पेटीचा रेडिओ कायम चालू ठेवावा लागेल. बॅटरी चार दिवसही टिकायची नाही.”

“बॅटरी वेगळी टीम बघते. तू ठरलेल्या पद्धतीने चाचणी पास, एवढंच लिही. खोटं काही नाही त्यात. पद्धत तूच ठरवलीस.”

माझा नवरा बुद्धरत्न पहिल्या पाळीवरून आला होता. इथल्या केमिकल कंपनीतला वास शर्टाला तसाच. चहा पिता पिता त्याने सगळं ऐकलं. “तू लिहिलंस तर थांबतील?”

“माहीत नाही.”

“आणि काँट्रॅक्ट?”

मी लॅपटॉप उघडून लिहिलं: बाहेरून विचारल्याशिवाय पेटी उठत नाही. आधीचे चारशे बारा निकाल धरू नयेत, चूक माझी. पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं. चाचणीत गंभीर चूक केल्याचं आपण स्वतःच मान्य केलं आहे, त्यामुळे काँट्रॅक्ट वाढवता येणार नाही. पेटी कुरियरने परत करावी. खाली अंतिम अहवाल जोडला होता. त्यात चारशे बारा पास होते, तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव, आणि माझी ओळ नव्हती.

मी तीन मेल केले. मग माझा मेलच बंद झाला.

पंधरा दिवसांनी माहेरहून सोनबाचा, माझ्या भावाचा, फोन आला. “ताई, लागली गो तुझी पेटी. टाकीच्या वर, खांबावर. अख्ख्या वाडीला सांगितलं मी, आमच्या ताईनं तपासलीय म्हणून. आता लोक निवांत झोपतील.”

“सोनबा, ऐक. ती आपली आपण उठत नाही. खालच्या बाजूला रबराचं बटण आहे. ते दाबलं की उठते.”

“मंग?”

“दर दोन तासांनी कोणीतरी वर जाऊन दाबायचं. पाऊस जास्त असेल तेव्हा तर नक्की.”



“पाऊस जास्त असंल तेव्हा वर कोण जाईल, ताई?”