नारळ उभा राहतो तिथं

अकरावीच्या पोरांना मी दरवर्षी पहिल्याच आठवड्यात सांगते: एखादी गोष्ट खरी निघाली म्हणजे ती तुम्हाला माहीत होती, असं होत नाही. कारण देता आलं पाहिजे. पोरं माना डोलावतात, कारण तर्कशास्त्र त्यांनी गणित टाळायला घेतलेलं असतं. पोरांचं सोडा. हे मला माझ्या जन्मदात्या बापाला पटवता येत नाही, याचा मला भयंकर संताप येतो.

माझे वडील किसनराव, म्हणजे आमचे आबा, धाडजवळ मोसंबीची बाग राखून आहेत. यंदा एप्रिलातच विहिरीनं तळ गाठला आणि झाडांची पानं वळायला लागली. मी बुलढाण्याहून भूगर्भाचा एक जाणकार घेऊन गेले. त्यानं जमिनीत खुंट्या ठोकल्या, यंत्राला तारा जोडल्या, मोजमाप घेतलं आणि बांधावरच्या पळसाखाली चुन्याची फुली मारली. म्हणाला, "इथे पाण्याची शक्यता चांगली आहे."

आबांना तो शब्दच खटकला. "ज्याले खरंच माहीत रायते, तो शक्यता म्हनते काय?" आणि त्यांनी गोविंदा पाणाड्याला बोलावणं धाडलं. हा बुवा तळहातावर नारळ आडवा ठेवून वावरभर फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. शंभर टक्के. शक्यता-बिक्यता काही नाही.

मी म्हटलं, ठीक आहे, परीक्षा होऊन जाऊ द्या. डोळ्यांवर उपरणं बांधून याला दोनदा फिरवा. दोन्ही वेळा नारळ एकाच जागी उभा राहिला, तर मी गप्प बसेन. गोविंदा बिचारा लगेच तयार झाला. पहिल्यांदा नारळ गोठ्यामागे उभा राहिला. दुसऱ्यांदा पार विहिरीपलीकडे. मी जिंकले होते! मोठ्या तोऱ्यात आबांकडे पाहिलं, तर त्यांचाच चेहरा फुललेला.

"पाह्य पुष्पांजली, आपल्या वावरात दोन जागी पानी हाये!"

कपाळावर हात तरी किती वेळा मारून घ्यायचा? "आबा, गोठ्यामागं टिपूस लागनार नाई, लिहून घ्या माह्याकडून!" मी ओरडले. त्या बाजूला यंत्रानं नुसता कोरडा खडक दाखवला होता, हेही मी सांगत होते. पण तेवढं ऐकायला कोणी थांबलंच नाही.

बोरची गाडी आली, गोठ्यामागे लागली आणि दिवसभर करडा फुफाटा उडवून निघून गेली. टिपूस नाही. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं. आता तरी यांचे डोळे उघडतील.

उघडले, पण कसे! "किसनरावची पोरगी बोलली तसंच झालं," हे गावभर झालं. शेजारच्या पंचफुलाकाकू म्हणाल्या, माझी जीभ काळी आहे. बाकीच्यांचं मत पडलं की माझ्या वाचेत काहीतरी आहे. मी तसं का बोलले, हे विचारायला एकजण येईल तर शपथ.

दोन दिवसांनी आबा नवा कोरा नारळ घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"गोविंदाच्या हातातलं गेलं, तुह्या हातात आलं. धर."

"आबा, मी यंत्राचं मोजमाप पाहून बोलली होती."

"यंत्र त् निमित्त असते, माय. आता एकच बोर झेपन मले. तू दाखवशीन तिथं मारू."

मी त्यांना परत सगळं सांगितलं. खडक कसा असतो, पाणी कुठे साठतं, जाणकार माणूस शक्यता का म्हणतो. आबा कीर्तनाला बसल्यासारखे हात जोडून ऐकत होते, आणि एक शब्द आत जात नव्हता. जन्मभर मला वाटत आलं, या माणसानं एकदा तरी माझं ऐकावं. आता मी सांगेन ते ऐकायला ते तयार होते, फक्त कारण सोडून.

"मंग? कुठं?" त्यांनी विचारलं. "पळसाखाली," मी म्हटलं.

"तशी नोको सांगू. नारळ धरून सांग. तुले जमत नसन त् साखरखेर्ड्याचा एक पाणाड्या हाये, त्याले बलावतो."

त्यांच्या मागे मोसंबीची पानं विड्यासारखी गुंडाळली होती. अजून एक बोर कोरडा गेला की बाग संपली. मी नारळ घेतला.

आबा मागून अनवाणी चालत होते. पळसाखाली चुन्याची फुली अजून दिसत होती. तिच्यावर पाय रोवले, आणि ज्या अंगठ्यानं मी फळ्यावर खडू धरते, त्याच अंगठ्यानं नारळ हळूच वर रेटला.

नारळ उभा राहिला.

आबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि त्या फुलीवरच फोडला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"लोक म्हनत, पोरीले एवढं शिकवून काय फायदा," ते म्हणाले. "पन शिक्षण वाया जात नाई, माय."