मागून घेतलेली घारी

शोभाबाई गेली हे चंदी पडव्याच्या, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी कळलं. तिचा नवरा बन्सीलाल रात्रपाळी करून बमरोलीच्या खोलीवर आला तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि ती मोरीपाशी आडवी पडली होती. चक्कर आली असेल म्हणून त्याने तिच्या तोंडावर पाणी मारलं. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिचे डोळे उघडून पाहिले आणि म्हणाला, पहाटेच गेली आहे, घरी न्या.

सुरतेत त्या दिवशी घराघरात घारी खातात. रस्त्यारस्त्यावर मिठाईवाल्यांनी मांडव घातले होते. त्या गर्दीतून शोभाबाईला परत आणलं.

पोरीला आणायचं राहिलं होतं. सुषमा कतारगामच्या बाजूला एका ट्रस्टच्या छोट्या कॉलेजात शिकत होती आणि तिथल्याच वसतिगृहात राहत होती. एकाच गावात घर असून पोरगी वसतिगृहात कशाला, असं जातभाई विचारायचे. कारण साधं होतं. बन्सीलाल रात्री माग चालवायचा आणि दिवसा झोपायचा. खोली एकच. बाप झोपला की पोर जिन्याखाली बसून वाचायची. शोभाबाईने ते दोन वर्षं पाहिलं आणि एक दिवस स्वतःच जाऊन तिथल्या मोटीबेनला भेटून आली. मोटीबेन म्हणजे वसतिगृहाची बाई. प्रवेशाचं सगळं शोभाबाईने केलं. बन्सीलालने फक्त पेटी डोक्यावरून नेऊन दिली होती.

शेजारी म्हणाले, फोन करू. धुरपदाबाईने, म्हणजे बन्सीलालच्या थोरल्या बहिणीने, त्याला बाजूला घेतलं.

"फोनवर काही सांगू नको, भाऊ. तू सोता जाय. तठेच तिले पोटभर जेवू दे, मंग लई ये. घर उनी म्हणजे तिले पानीना घोट बी कोनी देणार नही."

आपल्यात हे असंच करतात. घरात माणूस पडलेलं असताना चूल पेटत नाही, आणि लांबून येणाऱ्याला खबर द्यायची ती त्याच्या पोटात दोन घास गेल्यावर. बन्सीलाल तसाच निघाला, अंगात मागावरचाच शर्ट.

तो पोचला तेव्हा जेवणाची घंटा झाली होती. मोटीबेन दारातच उभ्या होत्या, आल्या आल्या जेवायचा आग्रह करत.

"आवो, आवो, काका. आजे तो जमीने ज जवानुं."

त्यांना खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण सांगितलं तर त्यांचा चेहरा बदलेल आणि पोर तो चेहरा वाचेल. तो म्हणाला, "सुषमाला घरी न्यायचंय. तिची आई जरा आजारी आहे."

"लई जाजो. पण पहेला जमो."

जेवायच्या खोलीत मुली भिंतीला टेकून ओळीने बसल्या होत्या. तिथे मुलींनी पाळीने वाढायची रीत होती आणि त्या दिवशी वाढायची पाळी सुषमाची होती. कमरेला ओढणी बांधून ती तपेलं घेऊन आली आणि बापाला पाहून थबकली.

"आप्पा? तुम्ही कसे?"

"आलो सहज. तू जेव आधी."

"वाढणाऱ्या शेवटी जेवतात. तुम्ही बसा. असे कसे पाहुण्यासारखे उभे?"

ओळीच्या टोकाला त्याला पाट दिला. शेजारी गायत्री बसली होती, नंदुरबारकडची, सुषमाच्या खोलीतली.

"काका, बरं झालं आलात," ती म्हणाली. "तुमची मुलगी आम्हाला वरण वाढते ते ताटात पोहता येईल इतकं पातळ."

"आणि ही त्यात भाकरी मागते," सुषमा म्हणाली. "गुजराती मेसमध्ये आपल्याकडची कळण्याची भाकर. रोज."

मुली हसल्या. बन्सीलालही हसला. हसलं नसतं तर कळलं असतं.

ताटात पुरी, बटाट्याची भाजी, भुसुं म्हणजे तिखट फरसाण, आणि घारी आली. घारी म्हणजे खवा-पिस्त्याचं जाड गोल पक्वान्न, वरून तुपाचा पांढरा थर बसलेला. बन्सीलालने सुरतेत इतकी वर्षं काढली पण ती पोटभर कधी खाल्ली नव्हती. सणाला आणली की शोभाबाई तिचे तीन तुकडे करायची.

पहिला घास त्याने पोरीसाठी घेतला. बाप जेवत नाही हे पाहिलं तर ती विचारत बसली असती. तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळला, हे खरं. दुसराही तसाच. तिसऱ्याला पाणी लागलं नाही. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं आणि रात्रभर उभ्याने काम झालं होतं. तोंडात तूप सुटलं, वेलदोडा लागला. तो खाऊ लागला. पुरीवर पुरी घेत गेला. घारी संपली. सुषमा दोन ताटं पुढे वाढत होती. बन्सीलालने तिला हाक मारली.

"सुषी, अजून एक आहे का गं?"

"घ्या ना आप्पा, घ्या."

तिने दिली. त्याने ती सगळी खाल्ली आणि बोटं चाटली. तेवढा वेळ शोभाबाई त्याच्या मनात नव्हती. ती मेली आहे हे त्याला तेवढा वेळ माहीतच नव्हतं. मग नळावर हात धुताना ते परत आलं आणि त्याने नळाची तोटी घट्ट धरली.

मग सुषमा जेवली. तो दारात उभा राहून पाहत होता. ती बोलत बोलत, गायत्रीला चिडवत जेवली.

घरी जाऊन येऊ म्हणून त्याने तिला रिक्षात बसवलं आणि मग सांगितलं. सुषमा ओरडली नाही. तिने आधी दोन्ही हात आपल्या तोंडावर दाबले. मग ती म्हणाली, "तुम्हाला येतानाच माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही माझ्यापुढे बसून जेवलात."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. तिने आपल्याला शिव्या द्याव्यात असं त्याला वाटत होतं. ती देत नव्हती.

संध्याकाळी तापीच्या काठावर अग्नी दिला. लाकडांचा भपका उठला तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरले आणि तेवढ्यात बन्सीलालला ढेकर आला. घारीच्या तुपाचा, वेलदोड्याचा. तोंडावर उपरणं धरून त्याने तो दाबला. शेजारच्याला वाटलं हुंदका आला. त्याने पाठीवरून हात फिरवला.

परतल्यावर दारात कडुलिंबाचं पान चावून सगळे आत आले. धुरपदाबाईने आपल्या घरून पिठलं-भाकरी आणली होती, कडू घासाची. बन्सीलालपुढे तिने भाकरी ठेवली.

"खाय, भाऊ. सकाळपासून पोटमा काही नही तुन्हा."

"नको, अक्का."

"देखा, कसा करस. तिन्हा मांगे तू बी जाशी का?"

तेव्हा सुषमा बोलली. सगळ्या बायाबापड्या बसल्या होत्या.

"ते जेवलेत, आत्या. माझ्यासाठी. मला शंका येऊ नये म्हणून माझ्यासमोर बसून गोड खाल्लं त्यांनी. मागून घेतलं. आई इकडे अशी पडलेली आणि ते मला हसून दाखवत होते. त्यांच्या जागी मी असते तर मला नसतं जमलं."

बाया डोळे पुसायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, बाप असावा तर असा. खात्यातला, म्हणजे मागाच्या कारखान्यातला, सोबती रघुनाथ म्हणाला, "बन्सीभाऊ, विष पिणं सोपं, हे अवघड." बन्सीलालने पुढ्यातली भाकरी बाजूला सारली. तेव्हाच बोलला असता तर बोलून झालं असतं. तो बोलला नाही. पुढे ती गोष्ट बमरोलीभर झाली. लोक त्याला चहाच्या टपरीवर उठून जागा द्यायला लागले.

तेरावं झालं. सुषमाने चूल हातात घेतली ती सोडली नाही. सकाळी तो पाळीवरून आला की गरम भाकरी तयार असायची. दिवसा तो झोपला की ती बाहेर जिन्याखाली जाऊन बसायची. पुस्तक मात्र नसायचं. पुस्तकं पेटीत होती आणि पेटी वसतिगृहात.

"दिवाळीनंतर कॉलेज सुरू होईल तुझं," तो एकदा म्हणाला.

"मी नाही जाणार, आप्पा."

"आईने किती खटपट केली होती."

"आईला कळेल. माझ्यासाठी तुम्ही ते केलंत, आणि मी तुम्हाला एकटं टाकून तिकडे पुऱ्या खात बसू? त्या खोलीत तर मला घास जायचाच नाही."

"सुषी, त्या दिवशी मी..."

"त्याचं नाव काढू नका, आप्पा. मला माहीत आहे तुम्हाला काय झालं असेल."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तो खात राहिला. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

बन्सीलाल मागांमध्ये उभा राहून रात्रभर ते शब्द जुळवायचा. मला भूक लागली होती. मला ती घारी आवडली. दुसरी मी तुझ्यासाठी मागितली नव्हती. एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं तर ती त्याचं तोंड बघणार नाही, पण कॉलेजात जाईल, हे त्याला दिसत होतं. खात्यात मागांच्या आवाजात तो ते मोठ्याने म्हणूनही बघायचा, कोणाला ऐकू जात नसे. खोलीचं दार आलं की ती ताट मांडून बसलेली असे, आणि तो हात धुवायला जाई.

दिवाळीनंतर गायत्री येऊन गेली. मोटीबेनने निरोप दिला होता, सुषमाची खाट दुसऱ्या कोणाला दिलेली नाही, पण हा महिना संपेपर्यंतच. सुषमाने तिला चहा केला, पातळ वरणावरून दोघी थोडं हसल्या, आणि गायत्री निघताना सुषमा म्हणाली, "माझी पेटी कोणाबरोबर तरी पाठवून दे."

बन्सीलाल तेव्हा खाटेवर पडून होता, जागाच होता. गायत्री गेल्यावर तो उठून बसला. सुषमाने विचारलं, "पाणी हवंय का?" तो हो म्हणाला.

महिना अजून संपायचा आहे. बन्सीलालने सुषमाला अजून सांगितलेलं नाही.