डावा हात वर

प्लास्टिकच्या बत्तिशीवर समीक्षाचा हात अख्ख्या वर्गात सरस होता. आरसा कसा धरायचा, बोटाला टेकू कुठं द्यायचा, हिरडीला न दुखवता दातावरचं कीटण कसं खरवडायचं, हे तिनं भराभर उचललं. पण प्लास्टिकची बत्तिशी कुणाच्या तोंडात डोकावत नाही. पुढचा महिना लागला आणि मॅडमनी सांगितलं, आता जोड्या लावून एकमेकींच्या तोंडात काम करायचं. जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. दुखलं तर खुर्चीतल्या मुलीनं डावा हात वर करायचा, की काम तिथंच थांबेल.

समीक्षाची जोडी रुमाईसाशी लागली. रुमाईसा देहूरोडची, समीक्षा भाजे गावची. दातांच्या दवाखान्यातलं काम शिकवणाऱ्या लोणावळ्याच्या या संस्थेत पहिल्या दिवसापासून दोघींचा डबा एक. रुमाईसा खुशाल खुर्चीत बसली आणि समीक्षानं तिचे दात तपासले. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र समीक्षाला सर्दी झाली. पुढच्या वेळी तोंड आलं. त्याच्याही पुढच्या वेळी उपास निघाला. उपासाला तोंड उघडत नाहीत, हे शास्त्र तिनं कुठून काढलं देव जाणे.

मुलींनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. "हिला मुसलमानाच्या पोरीचा हात तोंडात नकोय," असं एकीनं म्हटलं आणि ते वर्गभर पसरलं. रुमाईसा आपला डबा खिडकीपाशी नेऊन एकटीच जेवू लागली.

खरं कारण समीक्षाच्या खालच्या ओठाआड होतं. सहावीत दाढ ठणकायला लागली तेव्हा तिची आई, अनिता, चुलीपाशी म्हणाली होती, "चिमूटभर मिश्री लाव गं. लय बरं वाटंल." वाटलंही. दाढ पडली, भाजलेल्या तंबाखूची ती मिश्री राहिली. आता ती लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नव्हतं की डोकं चालत नव्हतं. पुढचे दात ती घासून लख्ख ठेवायची, पण खालच्या हिरडीलगत काळी रेघ होती. आणि ही पोरगी उद्या गावोगाव शिबिरात सांगणार, मावश्यांनो, मिश्री सोडा! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं होतं. त्याची शिक्षा रुमाईसा भोगतेय, हे तिला रोज दिसत होतं. स्वतःची किळस यायची, आणि तरी सकाळी बोट डबीत जायचंच.

शेवटी मॅडम चिडल्या. "आज बसली नाहीस, तर पुढं एकाही पेशंटला हात लावायचा नाही. रुमाईसा नको असेल तर सगळ्यांसमोर तसं सांग."

रुमाईसा खाली बघत हातमोजे चढवत होती.

"हीच पाहिजे," समीक्षा म्हणाली आणि खुर्चीत आडवी झाली.

रुमाईसानं तिचा खालचा ओठ दुमडला. हात थबकला. काळी रेघ तर होतीच, पण खाली ओठाच्या आत एक खरखरीत पांढरा चट्टाही होता. तो दिसतो म्हणून समीक्षानं तिथं बघणंच सोडून दिलं होतं.

"काय दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

मास्कवरचे रुमाईसाचे डोळे समीक्षाच्या डोळ्यांवर क्षणभर टेकले. "काही नाही मॅडम. सगळं साफ आहे."

समीक्षानं डावा हात वर केला.

"दुखलं का गं?" रुमाईसा घाबरली.

समीक्षा उठून बसली. "मॅडम, मी मिश्री लावते. सहावीपासून. आत पांढरा चट्टा हाय. त्याच्यामुळं बसत नव्हते मी. हिच्यामुळं न्हाई."

कुणीच हसलं नाही. मॅडमनी दिवा जवळ ओढला, कापसानं चट्टा पुसून पाहिला. तो पुसला जाईना; असा चट्टा कॅन्सरची पहिली खूण असू शकतो, हे वर्गात शिकवलेलं होतं. "उद्या पुण्याला मोठ्या दवाखान्यात जायचंय. मी येते. आईलाही घेऊन ये," त्या अगदी हळू म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर समीक्षाला इतकी भीती वाटली नसती.

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या. रुमाईसानं हातमोजे काढले.

"अम्मी म्हणाली होती, त्या मुलीशी बोलू नकोस. मी म्हटलं, ती तसली नाही. मग कशी आहे, म्हणाली. मला सांगता आलं नाही," ती म्हणाली. "मुली म्हणतात तेच खरं, असं तू मला वाटू दिलंस, समीक्षा."

खुर्चीतून उतरायला समीक्षानं डावा हात पुढं केला. रुमाईसानं तो घट्ट धरला, पण तिच्याकडं बघितलं नाही.