धाकट्याची बुरशी

स्वप्नालीने तिसऱ्या प्लेटचं झाकण उचललं आणि तिचं तोंड कडू झालं. पुन्हा हिरवं. हळूहळू वाढणारी पांढरी बुरशी येईल म्हणून ती डोळे लावून बसली होती आणि दोन दिवसांत प्लेटभर ट्रायकोडर्मा या मातीतल्या बुरशीची हिरवी भुकटी पसरली होती. प्रयोगशाळेच्या धुळीतूनही ही येते, म्हणून आधीच्या दोन्ही वेळा तिने स्वतःलाच बोल लावून टेबलं स्पिरिटने पुसून काढली होती. सरपटणाऱ्या प्राण्यांना जडणाऱ्या बुरशींचं वर्गीकरण हा तिच्या पीएचडीचा विषय. शहाद्याच्या कॉलेजात तिच्याकडे नमुने यायचे ते परक्यांचे. हा घरचा होता.

घरचा म्हणजे रॉकी. तिच्या भावाने, भाग्येशने पुण्यात पाळलेला इग्वाना. हातभर लांबीचा परदेशी सरडा म्हणा ना. भाग्येश नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि रॉकी म्हसावदला आईवडिलांच्या गळ्यात पडला. वडिलांनी, नथ्थूआप्पांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की या घरात बैल पोसले, म्हशी पोसल्या, सरडा पोसणार नाही. त्याला रोज पपई कोण कापून घालतं, हे आठवड्याभरातच आई फोनवर हसत सांगायला लागली.

आता रॉकीच्या पाठीवर पिवळट खपल्या धरल्या होत्या आणि त्याने खाणं टाकलं होतं. बुरशी कोणती ते कळल्याशिवाय औषध देणार नाही, असं धुळ्याचे पशुवैद्य म्हणाले. औषध यकृताला जड. कातडीवरच राहणारी असेल तर थोडक्यात भागेल, मांसात उतरणारी असेल तर रॉकी हातचा जाईल. दिसायला दोन्ही सारख्याच पांढऱ्या. वेगळी ओळखायची तर आधी ती प्लेटवर उगवायला हवी, आणि ही हिरवी तिला उगवूच देत नव्हती.

रविवारी ती म्हसावदला गेली. रॉकी ओसरीवर गोणपाटावर उन्हाला पडला होता आणि त्याच्या पाठीवरून मुंग्यांची रांग चालली होती. स्वप्नालीने वाकून वास घेतला. ओल्या खोबऱ्यासारखा. हरभऱ्याच्या पेरणीच्या दिवसांत हा वास घरभर असायचा.

“आप्पा, याले काही लायं का तुम्ही?”

आप्पांचा हात नाकाकडे गेला. नाकपुडीवर टोचल्याची बुजलेली खूण होती; काळजी लागली की ते ती चोळत. त्यांच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने त्यांचं नाक टोचून नथ घातली होती आणि नाव नथ्थू ठेवलं होतं. त्यांच्या वयाचे भिका, दगडू, उखा गावात कितीतरी होते. नाव इतकं हलकं ठेवायचं, की काळाला उचलावंसं वाटू नये.

“हरभराले मर लागस तवय काय करतस आपन?” ते म्हणाले. “तेच करं. चिकटाले गुयनं पानी.”

म्हणजे बीजप्रक्रिया. रोपं वाळवणारी मर लागू नये म्हणून पेरणीआधी बियाण्याला चोळतात तशी आप्पांनी रॉकीला गुळाच्या पाण्यातून ट्रायकोडर्माची भुकटी चोळली होती. चांगल्या बुरशीने वाईट बुरशीला खावं, एवढाच त्यांचा हिशेब. स्वप्नालीला हसू आलं आणि रागवायचं राहूनच गेलं. आईने आतून भर घातली, की रोज सकाळी आधी हे चालतं, देवपूजा नंतर.

तिने त्यांना समजावलं, की मातीत चालतं ते कातडीवर चालत नाही. ही हिरवी प्लेटवर पुढे धावते आणि खरा आजार मागे दडून राहतो. आता ती सांगेपर्यंत काही म्हणता काही लावायचं नव्हतं. मग कोमट पाण्यात फडकं भिजवून आप्पांनी स्वतःच त्याची पाठ पुसायला घेतली, गुळाचा चिकटा निघेपर्यंत. लेकीला त्यांची फार माया आली, पण आप्पांना असलं बोललेलं आवडत नाही म्हणून ती बोलली नाही.

पुढच्या खेपेला तिने खवल्याखालची खपली काढली, नव्या प्लेटवर ठेवली आणि झाकणावर नाव टाकायला पेन उघडलं.

“रॉकी नको लिखू,” आप्पा म्हणाले. “भिका लिख.”

तिने वर पाहिलं. त्यांचा हात नाकाशी होता. तिने काही न विचारता लिहिलं.

या वेळी प्लेट हिरवी झाली नाही. बऱ्याच दिवसांनी तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला आणि सावकाश पसरला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पुन्हा पुन्हा बघून, पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून स्वप्नालीने त्या बुरशीचं कूळ पक्कं केलं. कातडीवरचीच होती. तिने धुळ्याला फोन लावला, मग म्हसावदला. म्हसावदला फोन आप्पांनी उचलला आणि ऐकता ऐकताच आईला पपई आणायला सांगितली.

शेजारून जाणाऱ्या विभागप्रमुख मॅडम झाकणावरचं नाव वाचून थांबल्या. नमुने प्राण्यांचे, मग हे माणसाचं नाव कसं, असा प्रश्न त्यांना पडला.

“हा भिका कोण गं?”

“आमच्या घरातला धाकटा,” स्वप्नाली म्हणाली.