मक्यातला चाकवत

मी चाकवत बोलतोय. नाक मुरडू नका! तण, तण म्हणून ज्याच्या नावानं बोटं मोडता, तोच मी.

मला कुणी पेरलं नाही. मक्याला सोडलेल्या पाण्यातलं घोटभर मी परस्पर पिऊन घेतलं. चोरी म्हणा हवं तर. तेव्हा आमच्या शेतात मक्याच्या धाटांवर चवळी चढायची, खाली भोपळ्याचे वेल पसरायचे आणि उरल्यासुरल्या फटीतून मी डोकं वर काढायचो. मालकाची थोरली बहीण, अक्का, खुरपायला आली की माझे कोवळे शेंडे टोपलीत टाकायची. ओळीच्या टोकाचा एक चाकवत मात्र ती कधीच उपटायची नाही. "हा बियाला," म्हणायची.

मालकाला ही गर्दी खपायची नाही. सगळे त्याला सरळरेघ म्हणतात, ते उगाच नाही. एका वर्षी त्यानं तणनाशक आणलं. मका तेवढा वाचला. चवळी गेली, भोपळा गेला, आणि शेत कसं स्वच्छ दिसतंय म्हणून स्वारी खूश! विहिरीमागं काट्यांमुळे त्याला फवारणीचा पंप घेऊन शिरता येईना, म्हणून तिथं मी उरलो.

घरात मक्याच्या राशी. सकाळी मका, रात्री मका. सगळ्यांची पोटं टम्म. तरी मालकाची पोटुशी सून दोन पायऱ्या चढली की भिंत धरायची. अक्का तिला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"रक्त कमी आहे. गोळ्या देते, चुकवायच्या नाहीत. पण जेवणात काय असतं गं?"

"मका."

"आणि?"

सून विचारात पडली. "कधीकधी मीठ लावून मका."

अक्का परतली ती टोपली घेऊन तडक शेतात. ओळींमध्ये माझी काही चिवट भावंडं होती, पण तिनं हात मागं घेतला. औषध मारलेलं पोटुशीला कसं घालायचं? ती विहिरीमागं आली, तर सरळरेघ काटे तोडून, पंप पाठीला लावून माझ्यासमोर उभा!

"बाजूला हो अक्का, तण आहे ते."

"तुझ्या मक्याला तण. पोरीला जेवण आहे. मारायचंच तर आधी माझ्यावर मार."

"लोक हसतील! एवढं पिकवून आपण गवत खायचं?"

"हसू देत. तिला धाप लागते, तेव्हा कोण येतं हसायला?"

तो काहीतरी पुटपुटला, पण पंपाची नळी खाली गेली.

त्या दिवशी मी ताटात होतो, हिरवागार. सुनेनं दोनदा मागून घेतला. मग सरळरेघानंही कुणाकडं न बघता ताट पुढं सरकवलं. आता मी काय बोलू!

सून हल्ली भिंत न धरता पायऱ्या चढते. सगळं श्रेय मी लाटत नाही, गोळ्याही तिनं चुकवल्या नाहीत. पण नर्सबाईंनी "आणि?" विचारलं की तिला उत्तर सुचतं.

मी आता वाळलोय, बियांच्या भारानं वाकलोय. या खेपेला अक्कानं विहिरीमागं बियाला राखलेला तो मीच. जाता जाता एवढंच सांगतो, चवळीचं आणि भोपळ्याचं बी कुठून तरी मागून आणा. मक्याला त्याचे सोबती परत द्या. ताटात त्या एकट्याचं राज्य फार झालं.

माझं बी शोधायच्या भानगडीत मात्र पडू नका. काल वारा सुटला, तेव्हा सरळरेघाच्या सगळ्या सरळ ओळींत मी ते पेरून ठेवलंय. आता उपटा, नाहीतर खा!