कारवीच्या भिंतीचं वजन

गंगाबाई लेकाच्या खोलीत शिरेना. कळंबोली गावठाणातल्या त्या चाळीच्या दारात गाठोडं मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. दयाराम आत-बाहेर करून दमला.

"माय, आत तर ये. भामानं चहा टाकलाय."

"हितंच दे बाबा. वारं बरं हाय."

वारं कसलं! समोरच्या रस्त्यानं लोखंड बाजारात जाणारे ट्रेलर धुरळा उडवत होते. दयाराम त्याच बाजारात माल चढवायचा-उतरवायचा. एकेक ट्रेलर गेला की जमीन गुरगुरायची, खोलीची विटांची भिंत हलकेच गुणगुणायची आणि फळीवरचे पेले एकमेकांना धक्के द्यायचे. दयारामच्या बायकोच्या, भामाच्या, ते अंगवळणी पडलेलं. गंगाबाईनं मात्र पहिल्याच गुरगुरीला कपबशी टाकली आणि धावत सुटली, भिंतीपासून लांब, म्हणजे थेट रस्त्यावर. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

दयारामची पंचाईत ती हीच. भिंतीला भिऊन माय गाडीखाली जायची. शिवाय भामाला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण भामाचं माहेर किल्लारीच्या अंगाचं, आणि गेल्या गणपतीनंतरच्या भूकंपात त्या गावात बाळंतपण करायला कुणी उरलंच नव्हतं. उरली होती ती सासू, आणि ती उंबरा ओलांडेना.

गंगाबाई वाचली ती शेतातल्या कोपीत निजली होती म्हणून. कडब्याची कोपी, धरणी हलली तेव्हा तीही हलली आणि पुन्हा उभी राहिली. लेक शालन पलीकडच्या गावी सासरी होती. दोन हात रुंद दगडी भिंतींच्या, मातीच्या माळवदाच्या घरात.

ते घर गंगाबाईनंच पसंत केलं होतं. त्यांच्या भागात मुलगी द्यायची तर आधी मुलाकडच्या घराच्या भिंतीवर मूठ मारून बघायचे. आवाज आला नाही, नुसती मूठ दुखली, की घर भक्कम. बापानं मारायची ती मूठ. शालनचा बाप आधीच गेलेला, म्हणून गंगाबाईनं मारली. हात झिणझिण्या येईस्तोवर मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या घरात माझ्या लेकीला कशाचं भ्या न्हाई." व्याहीसुद्धा खूष झाले होते. दर आखाडाआधी त्या माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, गळू नये म्हणून. घर दर साली थोडं थोडं जड होत गेलं, आणि सगळ्यांना वाटलं की ते भक्कम होत चाललंय.

चाळीची मालकीण हौसा ही आगऱ्यांची, तोंडानं फटकळ. भातशेती सरकारनं घेतली, त्या पैशातून तिनं ही खोल्यांची रांग उठवली आणि स्वतः शेजारी स्लॅबच्या घरात राहायला गेली. गंगाबाईला गटाराच्या कडेला गोधडी अंथरताना तिनं पाहिलं.

"काय गो बाय, रस्त्यान निजतेस? गारीखाली गेलीस तं पोलीस मनाच ईचारतील ना?"

"आत जीव गुदमरतोय, अक्का."

हौसाला सगळं ठाऊक होतं. चाळीत काय लपतंय? तिनं गोधडी उचलून सरळ काखोटीला मारली. "चल माज्या मागं."

स्लॅबच्या घरामागं तिचं जुनं घर होतं. कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून वर शेणमाती लिंपलेली, माथ्यावर कौलं. आत सरपण आणि एक गाभण शेळी. मुलगा भगवान कधीचा म्हणत होता पाडू या, पण हौसा काढू देत नव्हती.

गंगाबाई दारात थबकली. मग सवयीनं, तिचं तिलाच कळायच्या आत, तिनं भिंतीवर मूठ मारली. ठब्ब असा पोकळ आवाज आला. थोडी माती भुरभुरली.

"ही भित हाय?"

"मंग काय पापड हाय?"

"आन पडली तर?"

"पडली तं पडली. आंगावरची गोधडी कारतेस ना? तशी कारायची नि चा प्यायचा."

गंगाबाई हसली. भूकंपानंतर पहिल्यांदा असेल. पण हसू अर्ध्यात तुटलं आणि ती कितीतरी वेळ भिंतीवर तळवा टेकून उभी राहिली. हौसानं शेळीला बाहेर काढलं. शेळीला ते आवडलं नाही.

त्या कुडात गंगाबाई निजायला लागली. ट्रेलर जायचा, जमीन गुरगुरायची, भिंत तिच्याबरोबर जराशी डुलायची आणि गप्प व्हायची. कारवी उघडी पडली होती तिथं तिनं शेणमाती कालवून लिंपलं. हौसा कमरेवर हात ठेवून बघायची. "जाड नको थापू गो. पातळ हात फिरव. तुमच्याकरं सगला जाडच लागते."

बोलून गेल्यावर तिनंच जीभ चावली. गंगाबाईनं अर्धी माती खरवडून काढली.

भामाला मुलगी झाली. बाळाची आंघोळ, शेक, धुरी सगळं गंगाबाईनं केलं, पण कुडात. रोज सकाळी भामा बाळाला घेऊन मागं यायची आणि न्हाऊन-माखून परत न्यायची. बाळाला पायांवर घेतलं की म्हातारी सगळं विसरायची. बाळ उंबऱ्याआड गेलं की तिचा चेहरा पुन्हा मिटायचा.

"आत्या, हिचं नाव शालन ठिवावं म्हणते मी," भामा एकदा म्हणाली.

"नको. ते नाव राहू दे तिच्यापाशीच."

दिवाळी झाली आणि भगवानचं बिल्डरशी जमलं. मागच्या जागेवर चार मजले येणार होते. हौसा दोन दिवस जेवली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती कोयता घेऊन कुडात आली.

"पोरगा आयकत नाय, गंगाबाय. जेसीबी आनतो बोलला. मी बोल्ली, माजे सासूनं ईनलेला घर हाय, यंत्राचा हात नको लागाय. आपुन दोघी सोरवू."

दोघींनी कौलं उतरवली. हौसानं मेढींना, म्हणजे कुडाच्या खांबांना, बांधलेले वेलाचे बंध कापले. सुकी माती बडवून झाडली, तशी नुसती कारवी उरली, आतल्या अंगाला धुरानं काळी झालेली.

"धर त्या बाजूनं," हौसा म्हणाली.

गंगाबाईनं धरली. आतापर्यंत तिनं भिंत उचललेली नव्हती, कोण उचलतं? तिनं दम धरला, गुडघे वाकवले, सगळा जोर लावला, आणि त्या जोरानं तिच्याकडचं टोक हौसाच्या डोक्याच्याही वर गेलं.

"अगो, हलू! मना पारतेस काय?"

गंगाबाई तशीच उभी राहिली, हातात भिंत. घराची अख्खी एक बाजू, दोन बायकांच्या हातांत. शालनच्या अंगावरचे दगड हलवायला आठ गडी लागले होते, वर लष्कराची पोरं. दुपार टळून गेली होती. गडी म्हणत होते, मावशी, तुमी बाजूला व्हा, तुमच्यानं न्हाई व्हायचं.

"ठेव आता खाली," हौसा म्हणाली.

"थांब जरा, अक्का."

"हात भरतील गो."

"भरू देत."

हौसाही आपलं टोक धरून उभी राहिली. एक ट्रेलर गेला, दुसरा गेला.

त्या भिंतीतली धड कारवी तेवढी घेऊन दयारामनं खोलीपुढच्या ओट्यावर आडोसा बांधला. भगवान कुरकुरला, पण हौसानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तिथं आता गंगाबाईची गोधडी असते. तिच्या उशाशी कारवी, पायाशी चाळीची विटांची भिंत आणि त्या भिंतीपलीकडे नातीचा पाळणा.

दिवेलागणीला भामा आत पाळणा हलवू लागली की गंगाबाई विटांच्या भिंतीजवळ सरकते. मूठ मारत नाही. तळवा टेकवते आणि ट्रेलर जायची वाट बघते. तो जातो, भिंत गुणगुणते, थांबते. तरी हात काढत नाही ती. भिंत पडलीच, तर हातानं थोपवता येणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?