नाकवालीने धुतलेला ट्रक

शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझी जीभ जागच्या जागी झडू दे. आणि हो, जेवत असाल तर आधी ताट बाजूला सारा. मागाहून मला बोल लावायचा नाही.

एक होती नाकवाली. आईबापांनी तिला नाव ठेवलं होतं, पण सगळी गल्ली तिला नाकवालीच म्हणायची. दूध उद्या नासणार असलं तर तिला आज कळायचं. कालचेच मोजे आज कोणी घातलेत, हे ती बंद दाराआडून सांगायची. आणि अशा बाईच्या नवऱ्याचं काम काय? तर ट्रकमधून चिकट सरस बनवणाऱ्या कारखान्याला हाडं, कातडी आणि चरबी पोचवायची. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं!

ट्रक गल्लीत शिरला की पुढे माश्या, मधे ट्रक आणि मागे सतरा मांजरं, एका रांगेत. समोरच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्या वासानं पाच मिनिटं मागे पडायचं.

नवरा तसा लाखात एक. पण अंगाला तो वास! साबणाची अख्खी वडी झिजवली तरी जायचा नाही. म्हणून अकरा वर्षं तो बाहेर ओट्यावर झोपायचा आणि ती आत. दोघांच्या गप्पा खिडकीतून. त्याही ती नाक चिमटीत धरून मारायची.

एक दिवस पावाच्या कारखान्यातून निरोप आला. पीठ वाहायला ट्रक हवाय, रविवारी चार वाजता तपासनीस बाई घरी येऊन बघून जातील. ट्रक पसंत पडला की हाडं कायमची सुटली. नाकवालीनं त्याच दिवशी आतल्या पलंगावर दुसरी उशी आणून ठेवली.

रविवारी उजाडताच ट्रक अंगणात लागला. पाइप, शिडी, सहा बादल्या, दोन ब्रश. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसले. ट्रक मूळचा त्यांचाच. नऊ वर्षांपूर्वी माल भरताना त्यांना अशी सणसणीत शिंक आली, की त्यांची कवळी उडाली ती गेलीच. तेव्हापासून ते पातळ खायचे आणि घट्ट सल्ले द्यायचे.

"टपापासून सुरू कर रे," ते लेकाला म्हणाले. "खालून धुतलंस तर वरची घाण परत खाली येते."

पहिलं पाणी उतरलं ते तपकिरी. दुसरं काळं. तिसऱ्यात केस होते. मडगार्डच्या आतून वीतभर गोळा निघाला, नाकवालीनं त्याला काठीनं डिवचलं, तर तो डिवचायचं थांबवल्यावरही हलतच राहिला.

"शी! शी! शी! अहो, हे जिवंत आहे!"

"चरबी आहे गं ती."

"चरबीला पाय असतात का?"

नवऱ्यानं तो गोळा फावड्यानं उचलून कचऱ्यात टाकला. मांजरांनी हुंगला आणि तोंडं फिरवली. सतराच्या सतरा मांजरांनी!

दुपारपर्यंत ट्रक बाहेरून लख्ख झाला. पण नाकवालीच्या कपाळाची आठी काही जाईना. "अहो, हौद्याच्या फळ्या उचला. वास फळ्यांखाली आहे."

"वेड लागलं का तुला? बोल्ट गंजलेत. फळ्या काढत बसलो तर मेण कधी लावू?"

मेणावर त्याचा भारी जीव. त्याच्या मते जगात असं काही नव्हतं जे मेण लावून सुधारत नाही.

"फळ्यांवर पण दोन हात मेण मारतो. फटी बुजतील, वास आतल्या आत कोंडेल. बाटलीला बूच मारल्यासारखा."

"आणि बूच उडालं तर?"

"तू ना, नाकानं विचार करतेस."

"मग तुम्ही कशानं करता, तेवढं सांगून टाका."

सासरे खुर्चीत बोळकं पसरून हसले.

शेवटी नवऱ्याचंच खरं झालं. ट्रक झाडाच्या सावलीत नेला. फडक्यानं कोरडा केला. मग बोटभर मेण, गोल गोल, पातळ हातानं. सुकून पांढुरकं झालं की मऊ फडक्यानं पुसायचं. बॉनेट असं झळकायला लागलं, की एक कावळा त्यात स्वतःला बघून लाजून उडाला. हौद्याच्या फळ्याही आरशासारख्या झाल्या.

पण सावली काय माणसाच्या सांगण्यानं थांबते? चारच्या सुमाराला ती सरकली आणि ऊन थेट हौद्यात उतरलं. मेण मऊ पडलं. फटी मोकळ्या झाल्या. आणि वास आला. आला कसला, उठून उभा राहिला! अकरा वर्षांचा, आंबलेला, गोडसर, घशात केस अडकावा तसा. नाकवालीनं दोन्ही हातांनी नाक दाबलं. समोरचं घड्याळ या वेळी बंदच पडलं.

नेमक्या तेव्हाच तपासनीस बाई आल्या. फाटकातून आत आल्या, ट्रकपाशी गेल्या, हौद्यात चढल्या, आणि चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही!

"मी वीस वर्षं व्हॅनिलाच्या खात्यात काढली," त्या म्हणाल्या. "नाक कायमचं गेलं. आता माझी भिस्त रुमालावर." त्यांनी पांढराशुभ्र रुमाल काढला, फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला आणि उलटून बघितला. रुमाल तसाच पांढरा. मेणावर काय डाग लागणार!

"वा! इतका स्वच्छ हौदा मी बघितला नव्हता." आणि त्यांनी सही करायला पेन काढलं.

नवऱ्यानं नाकवालीकडे बघून डोळा मारला. तिला आतली दुसरी उशी दिसली. मग तिला याच फळ्यांवर ठेवलेलं पीठ दिसलं, त्या पिठाचा पाव दिसला आणि तो खाणारी तोंडं दिसली. आणि उशीचं तरी काय? ट्रक हाच, वास हाच, म्हणजे पीठ वाहूनही नवरा आंबलेलाच, ओट्यावरच झोपणार.

"थांबा बाई," ती म्हणाली.

"अगं ए!" नवरा ओरडला.

तोवर तिनं पहार उचलली होती. फळीच्या फटीत घातली, सगळं अंग टाकलं. गंजका बोल्ट फटकन तुटला आणि फळी वर आली.

खाली काळी थरथरणारी लापशी होती. तिच्यात केस, खुरांचे तुकडे आणि पांढऱ्या अळ्यांचा गजबजाट. बाईंचं नाक मेलं होतं, डोळे नव्हते. त्यांनी घाईघाईनं पर्स उघडली आणि त्या तिच्यातच ओकल्या.

नवरा मान खाली घालून उभा. सगळं संपलं असंच त्याला वाटलं. बाईंनी तोंड पुसलं, पर्स अलगद मिटली आणि नाकवालीकडे बघितलं.

"आज सही नाही," त्या म्हणाल्या. "पण ज्या घरात असं नाक आहे, त्या घरचा ट्रक मला हवाय. बुधवारी येते. सगळ्या फळ्या काढून ठेवा. आणि मेण लावाल तर खबरदार!"

मग तीन दिवस नवराबायको तोंडाला फडकी बांधून खरवडत होते. अठ्ठावीस बादल्या घाण निघाली. शेवटच्या बादलीत काहीतरी वाजलं. बघतात तर सासऱ्यांची कवळी! दोन्ही ओळी, हिरव्यागार. "माझी! माझी!" करत सासरे उठले, पाइपाखाली धरली, दोनदा झटकली आणि घातली तोंडात. नाकवाली कुंपणापर्यंत धावत गेली आणि तिथे वाकली.

बुधवारी सही झाली. नवरा घरात झोपायला लागला, दुसऱ्या उशीवर. आता त्याच्या अंगाला ताज्या पावाचा वास येतो. पाचव्याच दिवशी नाकवाली म्हणाली, "शी! किती तो गोड वास, डोकं उठलं माझं!" पण ओट्यावर मात्र पाठवलं नाही हो तिनं.

झालं. सगळं खरं. आता जिभेला धोका नको म्हणून एवढं एक सांगून टाकते, की ती कवळी सासऱ्यांची होती, हे मी माझ्या मनाचं घातलं. त्यांची स्वतःची पुढच्याच महिन्यात कपाटामागे सापडली, म्हणजे ती शिंक आली ती घरातच. ट्रकमधली कोणाची होती, देव जाणे. पण ती बसली अगदी चपखल, म्हणून त्यांनी काही बदलली नाही.